ॲडमिन हुकूमशहा आहे म्हणे!

"ॲडमिन हुकूमशहा झालाय." गेल्या काही वर्षांत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचलंय की आता त्याचं काही वाटत नाही. पण परवा ते अशा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने लिहिलं, ज्यांच्या सभेत सतरंज्या अंथरून आम्ही चळवळ शिकलो. म्हणून आज उत्तर देतो आहोत.

आम्ही तिघे व्हॉट्सॲपवर चळवळीचा एक चर्चा ग्रुप चालवतो. सुरू केला तेव्हा ग्रुपची मर्यादा 256 होती, आता ती 1024 आहे आणि आमचा ग्रुप जवळजवळ भरलाय. विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, एसटीतले कंडक्टर आहेत, वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. आम्हा तिघांनाही नोकऱ्या आहेत. रात्री जेवण झाल्यावर दीड-दोन तास मेसेज वाचायचे, डिलीट करायचे, शिव्या खायच्या, झोपायचं. याचा पगार नाही, हारतुरे तर नाहीतच.

तर नियम कडक का केले, ते ऐका.

एका खेड्यातल्या मुलाने रात्री सव्वाअकराला लिहिलं होतं. काकाला मारहाण झालीय, जातीवरून शिवीगाळ झालीय, ठाण्यात सांगतात की आधी चौकशी करू, मग गुन्ह्याचं बघू. काय करावं? एवढाच प्रश्न. उत्तर दोन ओळींचं होतं. ॲट्रॉसिटी कायद्यात 2018 साली 18-अ हे कलम आलं, त्यानुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे लेखी अर्जात लिही आणि अर्जाची पोच घे. ग्रुपमध्ये हे सांगू शकणारे चार वकील त्या वेळी ऑनलाइन होते. पण त्या रात्री आपल्याकडे मोठा प्रश्न चालू होता. कोणत्या गटाच्या नेत्याला कोणत्या मंचावर मागची खुर्ची दिली! तीनशेच्या वर मेसेज. त्यावर सकाळची फुलं, त्यावर "जयभीम"ला उत्तर म्हणून दीडशे "जयभीम". आम्हाला तो मेसेज तिसऱ्या दिवशी दिसला. मुलगा गुपचूप ग्रुप सोडून गेला होता. फोन केला तेव्हा कळलं, काकांनी समझोत्यावर सही केली.

खुर्चीवाल्या भांडणातल्या एकालाही आजपर्यंत याची लाज वाटलेली आम्ही पाहिली नाही. उलट त्यांचे मेसेज उडवले म्हणून आम्हीच लोकशाहीविरोधी!

आता काही मित्र संविधानाचं 19(1)(अ) तोंडावर फेकतात. बंधूंनो, तो हक्क सरकारने तुमचं तोंड बंद करू नये म्हणून आहे. दुसऱ्याचा प्रश्न गाडून टाकायचा परवाना तो नाही. आणि त्याच कलमाच्या पोटात 19(2) आहे, तेही कधी उघडून बघा. घटनेच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या, त्यातल्या 2,473 सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. विरोधकांनी मांडल्या, टीकाकारांनी मांडल्या, आणि बाबासाहेब आजारी शरीराने उभं राहून उत्तरं देत राहिले. हे शक्य झालं कारण सभेला अध्यक्ष होता, क्रम होता, विषय होता. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी आवर्जून सांगितलं की ही संसदीय रीत भारताला नवी नाही, भिक्खू संघाला ती माहीत होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, सगळ्याचे नियम संघात होते. विनय नाही तर संघ नाही. मग आमच्या पाच नियमांनी कोणाचा गळा आवळला?

फॉरवर्डचा नियम सर्वांत जास्त बोचतो. बाबासाहेबांच्या नावाने वाक्य टाकायचं असेल तर खंड आणि पान सांगा, नाहीतर ते जाईल. रायटिंग्ज अँड स्पीचेसचे खंड महाराष्ट्र शासन 1979 पासून काढतंय, आणि आपण मात्र गुलाबी पट्टीवरची वाक्यं बाबासाहेबांच्या तोंडी घालतो. एक साहेब म्हणाले, "वाक्य चांगलं आहे ना, मग झालं." नाही, झालं नाही. खात्री न करता पुढे ढकललेल्या मेसेजने काय होतं ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून ठेचून मारले गेले. मेले ते भटके, आपलेच लोक. 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलं की सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. कायद्याने आम्ही सुटलो असू, पण मनाचं काय?

आमची चूकही सांगतो, कारण हुकूमशहा म्हणणाऱ्यांनी ती कधीच विचारली नाही. एका मुलीने एका मोठ्या नेत्याच्या बायकांविषयीच्या बोलण्यावर सरळ टीका केली होती. भाषा सभ्य, मुद्दा खरा. अर्ध्या तासात तिच्यावर झुंड आली, जातीपोटजातीपर्यंत गेली. आम्ही काय केलं? ग्रुप फुटेल या भीतीने झुंडीसोबत तिचाही मेसेज उडवला आणि "दोन्ही बाजूंनी संयम ठेवा" लिहिलं. दोन बाजू नव्हत्याच तिथे. त्या आठवड्यात अकरा बायका ग्रुप सोडून गेल्या. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी त्याच भाषणात दिलेला इशारा आम्ही दर 26 नोव्हेंबरला ग्रुपवर टाकतो, हे विशेष.

कोसंबीची गोष्ट आठवते. शौचकूपातल्या भांड्यात पाणी उरवलं, एवढ्यावरून घोषितारामातले भिक्खू दोन तट करून भांडले. बुद्धांनी समजावलं, कोणी ऐकेना. शेवटी तथागतच त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. भांडण मिटलं कसं? उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणं आणि भिक्षा वाढणं बंद केलं. पोटाला चिमटा बसला तेव्हा शहाणपण आलं आणि ते क्षमा मागायला श्रावस्तीला गेले.

तेव्हा आता एवढंच करणार आहोत. खुर्चीच्या भांडणाला आमच्याकडून भिक्षा नाही. दोन सूचना, मग बाहेर. रात्री दहानंतर फक्त मदतीचे मेसेज, आणि ते पाहायला वकिलांपैकी एक जण आळीपाळीने जागा राहील. चौघेही तयार झालेत. ॲडमिनमध्ये दोन बायका असतील. त्या मुलीची आम्ही फोनवर माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ग्रुपवर मागा, मेसेज ग्रुपवरून उडवला होता." बरोबर आहे तिचं. रविवारी मागतो आहोत.

जयभीम.