हातांची वही



गेल्या काही पत्रांतून एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे. शेतावर किंवा गावाबाहेरच्या प्लॉटवर मातीच्या पोत्यांची एक खोली बांधावी म्हणतो. माती घरची, पोती घरची, कामाला मुलाचे मित्र आणि कॉलेजची मुलं येतील. मग खर्च तो काय?

खर्च आहे, बाई! फक्त तो दुकानाच्या बिलात दिसत नाही.

ही बांधणी काही वेडगळ नाही. मूळचे इराणचे वास्तुशास्त्रज्ञ नादर खलिली यांनी ती अमेरिकेत नावारूपाला आणली. पोत्यांच्या त्यांच्या निवाऱ्यांना २००४ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. रीत साधी आहे. ओलसर माती पोत्यात भरायची, पोती विटांसारखी सांधे चुकवून मांडायची आणि धुम्मसाने ठोकून सपाट करायची. दोन थरांमध्ये काटेरी तार घालायची, म्हणजे थर सरकत नाहीत. भिंत जाड होते, म्हणून अकोल्याच्या मे महिन्यातली दुपारची आग आत यायला वेळ लागतो. मात्र रात्री तीच भिंत ऊब सोडते, तेव्हा समोरासमोर खिडक्या हव्यातच.

आता आपल्याकडची पहिली अडचण. आपली काळी माती कपाशीला सोनं, पण भिंतीला वैरी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. पोत्यात भरायला मुरूम किंवा रेताड माती घ्या. पाया काळ्या थराखाली, मुरूम लागेपर्यंत न्या. जोतं दगडाचं आणि जमिनीपासून चांगलं वर ठेवा. मातीची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. काचेची बरणी तिसरा हिस्सा मातीने भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. रेती तळाला बसेल, चिकणमाती वर. वरचा थर एकूण मातीच्या पाव हिश्शाच्या आसपास असला की माती चालेल. निम्मा असला तर रेती मिसळावीच लागेल.

पोती घरची म्हणता, पण अंगणात वर्षभर पडलेली नकोत. प्लॅस्टिकच्या विणीच्या पोत्याला ऊन खातं. बोटाने ओढलं तरी फाटणारं पोतं भिंतीत काय टिकणार? भिंत उभी राहिली की महिना-दीड महिन्यात गिलावा झालाच पाहिजे. तोवर ती झाकून ठेवा. म्हणून दिवाळीनंतर काम धरा आणि मृगाच्या आत छप्पर, गिलावा उरका. छपराला पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढी वळचण ठेवा. जागा पालिकेच्या हद्दीत असेल, तर आधी परवानगीचं विचारून घ्या.

आता हिशेब मांडू. दहा बाय बारा फुटांची खोली, आठ फूट उंच भिंत. दार-खिडक्या वजा करता साधारण साडेचारशे पोती लागतात. एक पोतं पंचेचाळीस किलोचं धरलं, तर वीस टन माती झाली! ती उपसायची, चाळायची, भिजवायची, चढवायची. भरलेलं पोतं मात्र कोणी उचलू नये. रिकामं पोतं भिंतीवरच मांडून डब्याने माती ओतावी. मग कंबर धरत नाही आणि सासूबाईंपासून शाळकरी मुलीपर्यंत सगळ्यांचा हात लागतो.

आणि आपला स्वयंपाक? आठ जण पंधरा दिवस राबले, तर दोन वेळची दोनशे चाळीस ताटं होतात. चहा वेगळा. पहिल्या दिवशी हौसेने रोडगे-वरण आणि वांग्याची भाजी होते. पाचव्या दिवशी घरची बाई चुलीपुढून हलत नाही, आणि भिंत "मुलांनी बांधली" म्हणून तिचं कौतुक चालतं. हे आधीच ठरवा. चुलीची पाळी स्वयंसेवकांतही लावा आणि दिवसातला एक वेळ तुम्ही स्वतः भिंतीवर जा. घर तुमचं आहे. त्याचा एक तरी थर तुमच्या हातचा असू द्या.

आपल्या वऱ्हाडाला हे नवं नाही. इर्जिकीत ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण, आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात आपली जोडी. शेणगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत, भाकरीचं मागाहून. २०१६ साली वॉटर कप स्पर्धेत वरूड तालुक्यातल्या गावकऱ्यांनी भर उन्हाळ्यात श्रमदान केलं, तेही याच सवयीवर.

तेव्हा लग्नात आहेराची वही ठेवतो, तशी एक हातांची वही ठेवा. कोण आलं, किती दिवस राबलं, कोणाच्या घरून ताक आलं, कोणी धुम्मस दिलं, सारं लिहा. फुकट आलेले हात म्हणून विसरू नका. कोणाच्या मुलीचं लग्न निघेल, कोणाचं बाळंतपण, कोणाचा कांदा काढायचा असेल. तेव्हा वही उघडा आणि न बोलावता जा.

वही मनासारखी भरेल असं वाटत नसेल, तर यंदा खोली नको. चार फुटांचं कुंपण किंवा कोंबड्यांचं खुराडं बांधून पाहा. एका पावसाळ्यात माती आणि माणसं दोन्ही कळतील.