‘दिसतंय’ म्हणजे अंतर नव्हे

मंडळी, उसाचा हंगाम असताना रात्री शिरूरहून न्हावरामार्गे दौंडला बाईकवरून आला आहात कधी? मी आलोय. मामाकडून निघायला उशीर झाला (मामी जेवल्याशिवाय सोडत नाही). न्हावऱ्याच्या पुढे मिट्ट काळोख. समोरून एक दिवा येत होता. म्हटलं, मोटरसायकल असेल. अगदी जवळ आल्यावर कळलं की तो ट्रॅक्टर होता, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या आणि माझ्या बाजूचा दिवा बंद! बाईक कडेच्या मुरमात घातली म्हणून आज हे लिहितोय. दिवा मला व्यवस्थित दिसत होता. ट्रॅक्टर दिसत नव्हता.

आता विमानांकडे वळतो. आमच्या हापिसातली अर्धी जनता ऑनसाइटला जाताना सॅन फ्रान्सिस्कोला उतरते. तिथल्या 28 लेफ्ट आणि 28 राइट या दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये अंतर आहे फक्त 750 फूट, म्हणजे सुमारे 229 मीटर. दोन बोइंग 777 शेजारी शेजारी आली, तर पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत उरतात 165 मीटरच्या आसपास. एवढ्या जागेत जोडीने विमानं उतरवणं कसं जमवलं? तर डोळ्यांच्या भरवशावर. कंट्रोलर विचारायचा, "शेजारचं विमान दिसतंय का?" पायलट म्हणायचा, "दिसतंय." मग कंट्रोलर सांगायचा, "नजरेने अंतर राखा." त्या क्षणापर्यंत 3 सागरी मैल किंवा 1000 फूट उंचीचा फरक राखणं हे कंट्रोलरचं काम असायचं. त्यानंतर ती जबाबदारी पायलटची. ढग खाली आले की ही सोय बंद व्हायची आणि विमानतळाची क्षमता जवळजवळ निम्म्यावर यायची.

माझं म्हणणं सरळ आहे. यात अंतर राखलं जात नाही, जबाबदारी सरकवली जाते. आपल्याकडे समांतर धावपट्ट्या वाढताहेत, तेव्हा ही सवय आपण लावून घेऊ नये.

आम्ही प्रोग्रामर लोक ही चूक ओळखतो. दोन थ्रेड एकाच डेटावर लिहिणार असतील तर लॉक लावतात. "दुसरा थ्रेड येताना दिसेल, तेव्हा बघून घेऊ" असा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये त्याची धुलाई होते. शिवाय "दिसतंय" या उत्तरात एक मोठं भोक आहे. कुठलं विमान दिसतंय? रात्री शहराच्या हजार दिव्यांत पायलट भलत्याच विमानाकडे बघत असेल, तर ते रेडिओवर तपासता येत नाही. माझ्या ट्रॅक्टरसारखंच.

उदाहरणं हवीत? 25 सप्टेंबर 1978, सॅन डिएगो. पीएसएच्या बोइंग 727 ने पुढचं छोटं सेसना दिसतंय असं सांगितलं, मग ते नजरेआड झालं आणि टक्कर झाली. जमिनीवरचे धरून 144 माणसं गेली. 29 जानेवारी 2025, वॉशिंग्टन. लष्करी हेलिकॉप्टरने विमान दिसतंय असं सांगून नजरेने अंतर राखण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. 67 माणसं गेली. या दोन्ही घटना समांतर धावपट्ट्यांच्या नाहीत, मान्य. पण वाक्य तेच आहे, आणि मध्ये 46 वर्षं गेली!

खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत 7 जुलै 2017 च्या रात्री 28 लेफ्ट बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. एअर कॅनडाच्या पायलटांनी 28 राइटलाच 28 लेफ्ट समजून शेजारच्या टॅक्सीवेला धावपट्टी मानलं. तिथे चार विमानं रांगेत उभी. एअरबस सुमारे 60 फुटांपर्यंत खाली येऊन वर उचलली गेली. दोन अनुभवी पायलट काचेतून बघत होते, तरी.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. पहिला, "इतकी वर्षं जोड्या उतरल्या, काही झालं नाही." खरं आहे. रेस कंडिशनही प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं फुटत नाही, म्हणून ती बरोबर ठरत नाही. दुसरा, "टीकॅस आहे ना?" आहे, पण जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली त्याचा ‘वर जा, खाली जा’ हा आदेश मुद्दाम बंद ठेवलेला असतो. तिसरा, "रांग लांबते, इंधन जळतं." हा मुद्दा मात्र खरा आहे. तेवढी किंमत मोजावी, असं माझं मत आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये लुफ्तान्साच्या विमानाने ती मोजली. रात्री नजरेने अंतर राखायला कंपनीची मनाई होती, म्हणून पायलटने नकार दिला, बराच वेळ घिरट्या घातल्या आणि शेवटी शेजारच्या ओकलंडला उतरवलं. जालावर काहींनी त्याला नखरे म्हटलं. मी त्याला शिस्त म्हणेन.

आमचे बाबा दौंडला रेल्वेत होते. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "अरे, आमच्याकडेही बघून चालायचा नियम आहे. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला तर दिवसा 1 मिनिट, रात्री 2 मिनिटं थांबायचं. मग निघायचं, पण समोर स्वच्छ दिसत असलं तरी ताशी 15 किलोमीटरच्या वर नाही." बघा, रेल्वेने डोळ्यांवर भरवसा ठेवला, पण वेग काढून घेऊन! विमान उतरताना ताशी 250 च्या आसपास असतं, आणि त्याला थांबता येत नाही.

आपल्याकडचा धडा बंगळुरूचा. जानेवारी 2022 मध्ये दोन समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगोची दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी उडाली, कारण एकच धावपट्टी वापरायचं ठरलेलं दुसऱ्या टॉवर कंट्रोलरला कळलंच नव्हतं. वाचवलं ते रडारसमोर बसलेल्या कंट्रोलरने, दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवून.

म्हणजे पर्याय आहे आणि तो लिहिलेलाही आहे. इकाओच्या नियमांत दोन समांतर धावपट्ट्यांवर स्वतंत्रपणे उपकरणांच्या आधारे उतरायला मध्यरेषांमध्ये किमान 1035 मीटर लागतात. मध्ये किमान 610 मीटरचा निषिद्ध पट्टा, त्यावर रडारची सतत नजर. नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025 ला उड्डाणं सुरू झाली ती एका धावपट्टीवर. दुसरीसाठी आराखड्यात 1550 मीटर अंतर धरलंय. उत्तम! मग तिथे पहिल्या दिवसापासून हेच नियम लावा, निरभ्र आकाश असलं तरी.

आणि आमच्या जिल्ह्यातलं पुरंदर. सात गावांचा जमिनीसाठी विरोध होता. धावपट्ट्यांमधलं प्रत्येक मीटर म्हणजे कुणाची तरी अंजिराची, सीताफळाची बाग. म्हणून तर हिशेब आधी स्वच्छ मांडायला हवा. पुरेशी जागा मिळणार नसेल तर तसं सांगा, क्षमता कमी धरा, एकाच धावपट्टीवर भागवा. पण कमी जागेत दोन पट्ट्या आखून "हवा स्वच्छ असली की पायलट बघून घेतील" असा आकडा कागदावर फुगवू नका. त्यात शेतकऱ्याचीही फसवणूक आहे आणि प्रवाशाचीही.

असो. पुढच्या वेळी मामाकडून दिवसाउजेडी निघेन. मामीला काय सांगायचं, ते बघू :)