अनिश्चिततेचा आनंद कोणाला परवडतो?

आपल्या निवासी विद्यालयाचे वेळापत्रक तयार करण्याचे काम गेली सव्वीस वर्षे माझ्याकडे आहे. पहाटे पाचला घंटा, साडेपाचला त्रिसरण-पंचशील, मग व्यायाम, अभ्यास, न्याहारी, शाळा, आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. या आवारात वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने मागच्या मेळाव्यात सांगितले की, ती घंटा त्याला अजून झोपेत ऐकू येते. त्याने ते कौतुकाने सांगितले की तक्रारीने, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. अशा वेळापत्रकवाल्या माणसाने अनिश्चित जीवनातील आनंदावर लिहावे, याची काहींना गंमत वाटेल. परंतु एका विद्यार्थ्याशी झालेला माझा जुना वाद अजून मिटलेला नाही, आणि या स्मरणिकेच्या वाचकांसमोर तो मांडावा असे वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच.

हा मुलगा येथे पाचवीपासून दहावीपर्यंत होता. पुढे आयटीआय करून धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लागला व कायम झाला. त्याच्या घराण्यात कायम नोकरी मिळवणारा तो पहिलाच. २०१६ साली त्याने ती सोडली आणि कुंडलिकेवर राफ्टिंगचा मार्गदर्शक म्हणून जाऊ लागला. एका रविवारी त्याचे वडील माझ्या घरी आले. बराच वेळ बोललेच नाहीत. उठताना म्हणाले, "सर, आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकंल." मी मुलाला बोलावून घेतले आणि तासभर समजावले. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "सर, कारखान्यात मला पुढची तीस वर्षं आजच दिसतात. नदीवर पुढचं वळणही दिसत नाही. मला ते आवडतं." मला राग आला. "ही पोट भरलेल्यांची भाषा आहे, आपली नव्हे," असे मी त्याला बोललो.

ते वाक्य पुढे मलाच छळू लागले. कारण ते अर्धे खरे होते.

चाकोरी मोडा, धोका पत्करा, उद्याची चिंता सोडा, असा उपदेश आजकाल पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून सतत होत असतो. तो करणाऱ्याच्या मागे बहुधा घर असते, शेत असते, चार नातलग असतात. प्रयोग फसला तर परतायला वाट असते. आपल्या पूर्वजांना अनिश्चितता कोणी शिकवावी लागली नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९०१ मधील एका प्रवासाची हकिकत दिली आहे. गोरेगाव येथे (आपल्या माणगाव तालुक्यातील नव्हे, साताऱ्याकडील) नोकरीस असलेल्या वडिलांना भेटायला ही मुले निघाली. आगमनाचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नाही, म्हणून मसूर स्थानकावर कोणी घ्यायला आले नाही. जात कळताच गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. सोबत जेवण होते, पण कोणी पाणी देईना, म्हणून ते डबे उघडूनही रात्र उपाशी काढावी लागली. नव्या कपड्यांत, उत्साहाने निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हा प्रवास. पुढच्या वळणावर काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्यात आनंद शोधा, असे कोणी म्हणू शकेल काय?

दुसरी बाजू वतनाची. इतिहास शिकवताना मला महारवतन हे जातिव्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट चित्र वाटते. वतनदाराचे स्थान जन्मापासून मरणापर्यंत निश्चित होते. बापाचे काम मुलाचे, मुलाचे नातवाचे. पण आजचा दिवस आपला की गावकीचा, हे मात्र पहाटे उठणाऱ्याला माहीत नसे. हाक केव्हाही यावी, वतनदार घरी नसेल तर घरातील दुसऱ्याला जावे लागावे, आणि त्या राबण्याचा ठराविक पगार असा नाहीच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जाचाविरुद्ध. वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. म्हणजे मोठ्या गोष्टी कायमच्या ठरलेल्या आणि लहान गोष्टींचा काहीच भरवसा नाही, अशी ती रचना होती. जन्म कुठे न्यायचा हे पक्के; आज भाकरी मिळेल का, हे अनिश्चित. स्वतंत्र माणसाचे आयुष्य याच्या नेमके उलट असावे लागते. त्याची भाकरी, त्याचे अंथरूण, त्याचा पगार, त्याचा मान या लहान गोष्टी पक्क्या हव्यात, आणि मोठी गोष्ट, म्हणजे मी कोण होणार, ही मोकळी हवी.

आपल्या घंटेचा अर्थ मला एका कातकरी मुलाने शिकवला. त्याचे आईवडील पावसाळा संपला की वीटभट्टीवर जात, आणि एका भट्टीवरून दुसरीवर. मुलगा आमच्याकडे आला तेव्हा रोज सकाळी अंथरुणाची वळकटी करून, तिच्यात कपडे बांधून, दाराशी ठेवत असे. फळीवर ठेव म्हटले तर मान डोलवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. कोणी ओरडले नाही. नाताळच्या सुट्टीनंतर केव्हातरी गृहपालांच्या लक्षात आले की, वळकटी फळीवर आहे. त्यानंतरच तो वर्गात प्रश्न विचारू लागला; आणि प्रश्न असे की उत्तर शोधायला मला ग्रंथालयात जावे लागे. ज्यांना नित्यक्रम म्हणजे केवळ कंटाळा वाटतो, त्यांनी ती वळकटी पाहायला हवी होती.

मग बाबासाहेबांनी स्वतः अनिश्चित वाट पत्करलीच की, असे कोणी म्हणेल. पत्करली, पण कशी पत्करली ते पाहावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी ते मुंबईहून निघाले. धरमतरपर्यंत जलमार्गाने व तेथून मोटारीने महाड, ही जवळची वाट. त्याच वाटेवर आपले कोलाड लागते. ते या वाटेने आले नाहीत. धरमतरला मोटारवाल्यांनी नेण्यास नकार दिला तर काय, हा प्रश्न होता. म्हणून 'पद्मावती' बोटीने लांबचा सागरी मार्ग धरून, सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ते दासगावला उतरले. तेथून वाहन न मिळाले तरी पाच मैल चालत जाता येणार होते. महाडचे दुकानदार माल देणार नाहीत हे ओळखून शिधा आधीच बाहेरून आणून ठेवला होता. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. चवदार तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला होता. तळ्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयातून आला तो मार्च १९३७ मध्ये, दहा वर्षांनी. पुढे काय घडणार हे त्या मंडपातील कोणालाही ठाऊक नव्हते. उद्या जेवण मिळणार हे मात्र सर्वांना ठाऊक होते. मला हा तपशील मनुस्मृती-दहनाइतकाच शिकवावासा वाटतो, आणि तो पाठ्यपुस्तकात नसतो.

योगायोग असा की, त्याच १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. घाटावर मुळशीला अडवलेले पाणी नळांतून कोकणात उतरते, भिऱ्याला वीज करते आणि कुंडलिकेत येते. रोज सकाळी वीजगृहांतून पाणी सुटते म्हणून रवाळजेच्या खाली सुमारे बारा किलोमीटर राफ्ट चालतात, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून तेच पाणी कालव्यांना जाते. पर्यटकांना जो थरार वाटतो तो वेळापत्रकावर चालतो, हे माझ्यासारख्याला फार समाधान देणारे आहे! पण हेही विसरता येत नाही की, त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह सत्याग्रह केला आणि ते हरले. त्यांचे आयुष्य अनिश्चित झाले ते त्यांना न विचारता. निवडलेली अनिश्चितता आणि लादलेली अनिश्चितता यांना एकच शब्द वापरणे मला म्हणूनच खटकते.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी त्या मुलाच्या राफ्टमध्ये बसलो. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हे शोभते का, असे वाटत होते. निघण्यापूर्वी त्याने प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, शिरस्त्राण घट्ट केले, पाण्यात पडल्यास पाय पुढे ठेवून कसे तरंगायचे ते तीनदा सांगितले. सुटीत आलेली मुंबईची मंडळी कंटाळली. पहिल्या उसळीला मी ओरडलो, आणि नंतर लक्षात आले की ते ओरडणे आनंदाचे होते. परत येताना त्याला विचारले, रोज तीच नदी, मग नवे काय? तो म्हणाला, पाणी किती सुटले त्याप्रमाणे दगड रोज वेगळे वागतात. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे मी त्याला सातवीत शिकवले होते. त्याला ते कळले आहे असे दिसले.

तथागतांनी भिक्खूंना भटकंती सांगितली, पण पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियमही घालून दिला. आषाढ पौर्णिमेपासून आपण वर्षावासाचे प्रवचन ऐकतो, तेव्हा त्याची ही बाजू क्वचितच सांगितली जाते. भटकणाऱ्याला पावसात थारा लागतो, आणि तो थारा कोणीतरी दुसरा उभा करतो. तळा तालुक्यातील कुडा लेणी आपल्या सहलींमुळे अनेकांनी पाहिली आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत महाभोजांच्या घराण्यातील मंडळी आहेत, तसेच एक वैद्य आहे, एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. ही आपापल्या पेठेत, आपापल्या कामात बांधलेली माणसे. ज्यांचा मुक्काम ठरलेला नाही अशांसाठी त्यांनी डोंगर कोरवला.

आता आपल्याविषयी थोडे कडू बोलतो. पालक वाचत आहेत हे जाणून बोलतो. आपल्या तीन पिढ्यांनी शिक्षणाने पायाखाली जमीन तयार केली, आणि आपण तिचेच छत करून मुलांच्या डोक्यावर ठेवले. मुलगा चित्र काढतो, मुलगी गाते, कोणाला पक्ष्यांचा अभ्यास करायचा असतो. आपण सर्वांना एकाच रांगेत उभे करतो, पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा. मीही केले आहे. माझ्या मुलीला विचारा. आणि ही रांग तरी निश्चित आहे का? तिशी ओलांडेपर्यंत अभ्यासिकेत बसलेले किती तरुण मला ठाऊक आहेत. जाहिरात केव्हा निघेल, निकाल केव्हा लागेल, नेमणूक कायम की कंत्राटी, यातले काहीच त्यांच्या हाती नसते. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण त्यांना अनिश्चिततेकडेच पाठवतो, फक्त त्यातला आनंद काढून घेऊन.

पण त्या वडिलांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली, राफ्ट काठावर पडल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगडात घराघरांवरचे पत्रे उडवले, त्यात या मुलाचेही घर होते. महिनोन्‌महिने त्याला नदीवरून एक रुपया मिळाला नाही. तो लोकांच्या घरांवर पत्रे चढवण्याच्या कामाला गेला, आणि त्याच्याच वर्गातल्या एका मित्राने, जो बँकेत आहे, चार महिने त्याच्या घरचा किराणा भरला. ही गोष्ट त्या मित्राने कोणाला सांगितली नव्हती. मला ती वडिलांकडून कळली. हा मित्र नसता तर मुलगा कारखान्याच्या दाराशी परत उभा राहिला असता, आणि तेथे त्याला आता कंत्राटी म्हणूनच घेतले असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. माजी विद्यार्थी संघाने एक लहान निधी काढावा. आपल्या येथून शिकून गेलेल्या ज्या मुलाला वा मुलीला न मळलेली वाट धरायची आहे, तिला दोन वर्षे महिन्याचा किराणा आणि खोलीचे भाडे मिळावे. कर्ज म्हणून नव्हे, आणि यशाची अट न घालता. अयशस्वी झाले तर काय, असा प्रश्न विचारला जाईल. तर तो मुलगा परत येईल, आपण त्याला जेवू घालू, आणि तो दुसरे काही करील. नोकरीत असलेल्या शंभर जणांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तरी वीस हजार होतात. एका वेळी दोन मुलांची सोय त्यात नीट होऊ शकेल. हिशेब ठेवण्याचे काम मी करीन. वेळापत्रकाप्रमाणे तेही मला जमेल.

त्या मुलाला मी बोललेले वाक्य मी परत घेतले आहे, त्याच्या वडिलांसमोर. वडील हसले, पण नदीवर ते अजून गेलेले नाहीत. येत्या मेळाव्यात हा प्रस्ताव मी मांडणार आहे. त्याने यावे असे मी त्याला कळवले. नक्की येतो असे काही तो म्हणाला नाही. सकाळी पाणी सुटले तर दुपारपर्यंत तो नदीवर असतो.