आठवी बाटली घेऊ नका!

१ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत सज्ञान माणसाला घरात गांजाची ३ झाडं लावता येतात. (भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहे, तेव्हा मंडळी, तिकडचं तिकडेच!) कायद्यामागोमाग बाटल्यावाले हजर. मुळांची वेगळी, पानांची वेगळी, वर 'ब्लूम बूस्टर'. आयुष्यातलं पहिलं झाड लावणाऱ्याच्या गळ्यात सात बाटल्या आणि पंपवालं हायड्रोपोनिक्स! अहो, 'हॅलो वर्ल्ड' लिहायला कुणी डेटा सेंटर भाड्याने घेतं का?

झाडाला ब्रँड कळत नाही. त्याला कळतं नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे. 'फुलं आली की स्फुरद वाढवा' हा या धंद्याचा लाडका मंत्र. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तो तपासला आणि २०२२ साली निष्कर्ष छापला: जादा स्फुरदाने ना उत्पन्न वाढलं, ना दर्जा. वाढलं ते कुंडीतून निथळणाऱ्या पाण्यातलं स्फुरद. म्हणजे पैसे अक्षरशः गटारात.

हायड्रोपोनिक्स वाईट नाही हो. पण पंप बंद पडला किंवा पीएच घसरला की सावरायला वेळ मिळत नाही. माती चुका पोटात घालते. शिवाय कुंडीसाठीच्या तयार मातीत बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांचं खत असतंच. मग एकच संपूर्ण खत, तेही सुरुवातीला अर्ध्या मात्रेने. पानांची टोकं करपली तर बहुधा खत जास्त झालंय. दुकानदार तेव्हा आठवी बाटली काढेल. तुम्ही नुसतं पाणी घाला.