घरचे विज्ञान : साखर वितळते, मीठ का नाही?

फराळाची धांदल चालू असताना गृहिणींनी एक गंमत पाहावी. कढईत साखर तापवली की थोड्याच वेळात तिचा पाक होतो. तसेच मीठ टाका. ते तडतडेल, पण वितळणार नाही. त्याला ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते!

हा सारा नात्यांचा खेळ आहे. साखरेच्या रेणूतले अणू इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात. ती पकड घट्ट. पण एका रेणूचे दुसऱ्याशी नाते सैल, म्हणून साखर लवकर वितळते. मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि मग दोन्ही विरुद्ध भार एकमेकांना घट्ट धरून बसतात. देवघरातल्या तांब्याच्या कलशात तर इलेक्ट्रॉन सर्वांच्या मालकीचे. म्हणून ठोकले तरी तांबे फुटत नाही, पसरते.

मिठाच्याच जातीचे एक नाते यवतमाळ जिल्ह्यात मुलांच्या दातांवर उठले आहे. पांढरकवडा भागातल्या काही बोअरच्या पाण्यात खडकांतून फ्लोराइड उतरते. त्याला ना रंग, ना चव. दातांच्या खनिजात कॅल्शियमशेजारी हायड्रॉक्सिलची जी जागा असते, ती हे फ्लोराइड पटकावते. थोडे असले तर दात बळकट होतात; पण हिरड्यांच्या आत दात घडत असतानाच ते जास्त झाले, तर पुढे दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग दिसतात. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले, तर हाडे आणि सांधेही आखडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरी सोयच नसेल तर १.५.

“उकळून पितो की आम्ही!” असे कोणी म्हणेल. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जागचे हलत नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने बसवलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा साका फ्लोराइडला धरून तळाशी बसतो. पण तुरटी किती घालायची, हे पाणी तपासल्याखेरीज ठरत नाही. तेव्हा घरी अंदाजाने प्रयोग नकोत!

भाऊबीजेला त्या बाजूच्या गावी जाणे झाले, तर ओवाळणीबरोबर एक चौकशीही करा : भाचरे ज्या बोअरचे पाणी पितात, ते तपासले आहे का? पडून आलेला दात पुन्हा घडवता येत नाही.