फलक एक, माल दुसरा

मोबाइलवरील खेळांत आता नवे काही राहिले नाही, जिकडे तिकडे तेच ते चालले आहे, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. तक्रार खरी आहे. परंतु तिचे जे कारण सांगितले जाते ते आम्हांस मुळीच मान्य नाही. जुने पुन्हा दिले म्हणजे शिळे झाले, असे मानणाऱ्याने एकदा जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात बसून दशावतारी काला पाहावा. पूर्वरंगात गणपती येतो, सरस्वती येते, पुढचे आख्यानही पूर्वी अनेकदा पाहिलेले असते. तरी मंडळी पहाटेपर्यंत हलत नाहीत. नटाच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. तो ते उभ्या जागी रचतो, आणि समोरचा काय उत्तर देईल हे त्यालाही ठाऊक नसते. पुनरुक्तीला दोष देऊन काय उपयोग?

तीन सारखे तुकडे जुळवून नाहीसे करण्याचा खेळ रशियात १९९४ साली ‘शारिकी’ या नावाने निघाला. तोच पुढे २००१ मध्ये ‘बिज्वेल्ड’ झाला आणि २०१२ मध्ये ‘कँडी क्रश सागा’. यास आमची हरकत नाही. बुद्धिबळ तरी रोज नवे कोण करतो?

आमची हरकत दारावरच्या फलकाला आहे. ‘होमस्केप्स’ व ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या जाहिराती पुष्कळांनी पाहिल्या असतील. एक मनुष्य संकटात अडकलेला. योग्य क्रमाने खिळे ओढले तर तो वाचणार. जाहिरातीतला हात बहुधा नेमका चुकीचा खिळा ओढतो, म्हणजे पाहणाऱ्याचा हात शिवशिवावा! खेळ उतरवून घ्यावा, तो पुढे येतात तेच तीन तुकडे. ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेने २०२० साली अशा दोन जाहिरातींवर बंदी घातली. अशी कोडी आमच्या खेळात आहेत, असा कंपनीचा बचाव होता. मुख्य खेळ वेगळाच आहे, असे संस्थेने ठरविले. कोपऱ्यातील बारीक अक्षरांची सूचनाही तिला पुरेशी वाटली नाही.

पुढची गंमत तर अधिकच बोलकी आहे. ज्या कोड्यांची केवळ बतावणी होती तीच लोकांना हवी होती! अखेर जपानच्या मंकीक्राफ्ट या संस्थेने २०२३ मध्ये जाहिरातींतले ते खोटे खेळ खरे करून विकावयास काढले. म्हणजे कल्पनेचा तुटवडा नव्हताच. एकाच खेळाच्या नाना जाहिराती निरनिराळ्या लोकांना दाखवावयाच्या, जिच्यावर अधिक बोटे पडतील ती ठेवावयाची, बाकीच्या टाकावयाच्या, आणि पुढची तिच्याच साच्यात ओतावयाची, असा हा व्यवहार आहे. कोणत्या फलकापुढे किती माणसे थांबली हे मोजून नाटक बसविणाऱ्या मंडळीकडून आपण कसल्या नाटकाची अपेक्षा करणार? आमच्या मते शिळेपणा येथून येतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाचा शोध घेणारी मुलगी, असुरांशी युद्ध, आणि कथा सांगावयास साक्षात दुर्गा व विष्णू. यात आम्हांस अपरिचित असे काय आहे? २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो पुरा पडला नव्हता. तरी मंडळींनी काम सोडले नाही. खेळात उणिवा आहेत; लढाई काही ठिकाणी लांबते, हेही आम्ही सांगून टाकतो. मात्र तिच्या जाहिरातीत जी राजी दिसते, तीच आत भेटते.