रिकामा डबा परत देऊ नये

"मावशीकडे गेले होते तेव्हा निर्वासित बायकांच्या केंद्रात आठवडाभर काम केलं," असं होस्टेलवर सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, "वा! सीव्हीवर टाकलंस का?" आणि दुसरी, "त्यापेक्षा तिकिटाचे पैसे त्यांना दिले असते तर?" पहिलीवर मी नुसती हसते. दुसरी मात्र रास्त आहे. तिचं उत्तर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी हकिगत. माझी मावशी जॉर्डनची राजधानी अम्मान इथं राहते. काका तिथल्या खत उद्योगात नोकरीला आहेत. (फॉस्फेटचा खडक ही त्या देशाची मोठी संपत्ती, आणि भारत हे तिचं एक मोठं गिऱ्हाईक!) २०२४ च्या जूनमध्ये, बकरी ईद झाल्यावर, आई, मी आणि धाकटा भाऊ तिच्याकडे गेलो. मावशी आठवड्यातून एकदा पूर्व अम्मानमधल्या एका महिला केंद्रात जाते. तिथं येणाऱ्या बहुतेक जणी सीरियाच्या. 'पाहुणे येताहेत तर पाच दिवस भारतीय संस्कृतीचे ठेवा' असं केंद्रानंच सुचवलं. भावाला बायकांच्या खोलीत मज्जाव होता, म्हणून त्याला केंद्राचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसवलं. फोटोलाही मनाई होती. त्यामुळे 'पुरावा दाखव' म्हणणाऱ्यांची निराशा होणार आहे.

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबूच येतात. सीरियात २०११ साली संघर्ष पेटला आणि माणसं दक्षिणेला जॉर्डनमध्ये येऊ लागली. २०१२ च्या जुलैमध्ये सरहद्दीजवळ झातरीची छावणी उघडली. २०१७ मध्ये याच छावणीसाठी १२.९ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, हे इलेक्ट्रिकलवाल्यांनी लक्षात ठेवावं. पण आम्ही गेलो तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नोंद असलेले सहा लाखांहून जास्त सीरियन जॉर्डनमध्ये होते आणि त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक छावणीबाहेर, शहरांत, भाड्याच्या खोल्यांत राहत होते. म्हणजे दर महिन्याला भाडं, वीजबिल, पोरांच्या शाळा. तुमच्या-आमच्यासारखंच सगळं, फक्त पायाखाली स्वतःची जमीन नाही.

आईनं तयारी जय्यत केली होती. रांगोळीचे रंग, मेंदीचे कोन, दोन नऊवारी आणि पुरणपोळीचं सगळं साहित्य. पहिला दिवस छान पार पडला. रांगोळी निघाली, एका हौशी बाईला नऊवारी नेसवली, पुरणपोळ्या संपल्या, टाळ्या वाजल्या. आपल्या गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर वाजतात ना, तशाच टाळ्या. सगळ्या जणी खुर्च्यांवर ओळीनं, आणि आम्ही समोर.

दुसऱ्या दिवशी आईनं गोधडीचं एक अर्धवट दुपटं दाखवायला काढलं. मागच्या रांगेतली एक आजी उठली, तिनं ते हातात घेतलं आणि सरळ उलटं केलं. टाका कसा आहे ते मागच्या बाजूनं कळतं, हे भरतकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आजीनं धावदोरा निरखला, काहीतरी म्हणाली आणि खोलीत हशा पिकला. दुभाषी मुलीला भाषांतर करायला संकोच वाटला, पण आई हटूनच बसली. आजी म्हणाली होती, "बाई मनानं चांगली आहे, पण हिला घाई फार!"

इथून कार्यक्रमाची दिशाच फिरली. आजीनं पिशवीतून स्वतःचं काम काढलं. काळ्या कापडावर लाल दोऱ्यानं फुल्यांचे टाके, आपण ज्याला क्रॉस स्टिच म्हणतो ते. नमुना कागदावर नाही, सगळा डोक्यात. कापडाचे धागे मोजायचे आणि फुली मारायची. मोजणीत एक धागा चुकला की पुढची अख्खी ओळ सरकते. (प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये एक सेमीकोलन विसरल्यावर जे होतं, तेच.) आईला तीन वेळा उसवावं लागलं. प्रत्येक वेळी आजी रागावली, आणि प्रत्येक वेळी खुर्च्यांची ओळ थोडी थोडी मोडत गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या जणी जमिनीवर गोल करून बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकीनं मकदूसची बरणी आणली. लहान वांगी उकडायची, मीठ लावून दाबून पाणी काढायचं, आत अक्रोड, लाल मिरची आणि लसूण भरायचा आणि ऑलिव्हच्या तेलात मुरवायची. आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं भरलं वांगंच, फक्त लोणचं घातलेलं!" मग शब्द जुळवायचा खेळ सुरू झाला. दुकान, साबण, हिशोब, तारीख, किताब, कायदा... आपण मराठी म्हणून वापरतो ते कितीतरी शब्द मुळात अरबी आणि फारसीतून आपल्याकडे आलेले. एकेक जुळला की खोलीत आरडाओरडा. तिथल्या मुली आईला 'खालतो' म्हणायला लागल्या. खालतो म्हणजे मावशी.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे शेजारणीनं डब्यातून काही दिलं तर तो डबा रिकामा परत देत नाहीत. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर तरी घालतात. यात साखरेची किंमत नसते. 'मी फक्त घेणारी नाही, माझंही घर आहे' एवढंच त्यातून सांगायचं असतं. निर्वासित माणसाचा नेमका हाच हक्क आधी जातो. धान्य मिळतं, ब्लँकेट मिळतं, औषध मिळतं आणि ते मिळालंच पाहिजे. पण प्रत्येक डबा त्याला रिकामाच परत द्यावा लागतो. तोही वर्षानुवर्षं. संस्कृतीची 'देवाणघेवाण' म्हणत आपण जातो आणि देवाण संपली की निघतो. घेवाण राहूनच जाते!

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. आमची दुभाषी मुलगी लहान असताना दराहून आली होती आणि तिचं सगळं शिक्षण अम्मानला झालं होतं. तिनं एका दुपारी मला विचारलं, "तू खरंच इंजिनियर होणार?" तिला सिव्हिल करायचं होतं. जॉर्डनमध्ये परदेशी नागरिकांना बंद असलेल्या व्यवसायांची यादी आहे आणि तीत इंजिनियरिंग येतं. २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत सीरियन लोकांसाठी दोन लाख रोजगार खुले करण्याचं उद्दिष्ट ठरलं. पण त्यानंतर निघालेल्या परवान्यांत बायकांचा वाटा अगदी थोडा राहिला. २०१८ च्या अखेरीस घरगुती स्वयंपाक, शिवणकाम, हस्तकला यांचे व्यवसाय करायला परवानगी मिळाली. म्हणजे आजीची सुई आणि मकदूसची बरणी यांना कायद्यात जागा मिळायला इतकी वर्षं लागली. मदत करणाऱ्यांना समोरचीची गरज दिसते, तिची विद्या चटकन दिसत नाही, ती अशी.

आपल्या मातीत याचं उलट उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं त्यांनी स्वतः चालवलं. छावणी मोडून इतकी वर्षं झाली तरी ती माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं वळिवड्याला भेट द्यायला येत राहिली. नुसत्या ब्लँकेटच्या आठवणीनं कोणी इतक्या लांब येईल असं मला वाटत नाही.

आता तिकिटाचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. मावशी तिथं नसती तर जाऊ नये, पैसेच पाठवावेत. आठवड्याच्या पाहुण्यांनी कोणाचं भाडं भरलं जात नाही. पण जे कोणी जातील, त्यांनी बॅगेत निम्मी जागा रिकामी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शिकायला बसावं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये असद राजवट कोसळली आणि जॉर्डनमधली माणसं परतू लागली. पहिल्या वर्षभरातच लाखाच्या वर लोक गेले. मावशी सांगते, आजी गेली. दुभाषी मुलगी अजून अम्मानलाच आहे, कारण दरामधलं त्यांचं घर उरलेलं नाही.

आणि मित्रहो, त्यासाठी अम्मानलाच जायला हवं असंही नाही. आपल्या होस्टेलवर अफगाणिस्तान, येमेन आणि सुदानची मुलं-मुली आहेत. काबूल २०२१ च्या ऑगस्टमध्ये पडलं, सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. कागदोपत्री ही मंडळी 'फॉरेन स्टुडंट', पण सुट्टी लागली की घरी जाता येत नाही अशी त्यांच्यात कितीतरी. दरवर्षी गॅदरिंगला आपण त्यांना फेटे बांधतो, लेझीम हातात देतो, फोटो काढतो. छान दिसतं. पण चार वर्षांत त्यांच्या हातचा एक घास तरी आपण खाल्ला आहे का?

म्हणून रेक्टर मॅडम आणि मेस सेक्रेटरी यांना एक विनंती. रविवारी रात्री मेस बंदच असते. महिन्यातून एका रविवारी स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात द्या. गॅस आणि सिलिंडरची जबाबदारी मेसच्या काकूंच्या देखरेखीखाली. काय करायचं ते त्या मुली ठरवतील. आपण कांदे चिरायचे, सांगतील तसं ढवळायचं, आणि चुकलं तर बोलणी खायची. भांडी घासायला माझं नाव आत्ताच लिहून घ्या. आणखी दहा जणी हव्यात.